डोमाचा हात

एकोणचाळिसावा डोमाही तो नव्हता. स्वप्निलनं माऊस सोडला आणि डोळे चोळले. मूल गावच्या बसस्टँडमागं त्याचं सायबर कॅफे होतं. शेजारच्या स्टुलावर मुखरूभाऊ बसले होते. राइस मिलमधले हमाल. पाळी सुटली की अंगावर कोंड्याची धूळ घेऊन महिनाभर रोज हजर.

मुखरूच्या पोरीचं, डिंपलचं, लग्न सतरा दिवसांवर आलं होतं. मुखरूच्या बायकोला, ताराबाईला, भाऊ नाही. नवरीच्या मागं मामा म्हणून कोण उभं राहणार, असं पाहुणे विचारत. मुखरू सांगे, "हाये एक जण. येते तो." तो राहतो कुठं, हे मात्र मुखरूलाही ठाऊक नव्हतं.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, म्हणजे वीस वर्षांपूर्वीची. डिंपल तेव्हा दहा दिवसांची होती. वैनगंगेपल्याड बहिणीला बारशाचं आवतण देऊन मुखरू परत येत होता आणि भर धारेत उतारूंचा डोंगा, म्हणजे लहान होडी, उलटला. तळ्यांच्या मुलखात जन्म गेला, पण हा गडी कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरला नव्हता. एक गटांगळी, दुसरी, आणि तिसरीला कोणाचा तरी हात हातात आला. ती पकड सुटली नाही. शुद्ध आली तेव्हा दोघं रेतीवर पडले होते.

पाणी पिऊन दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. मुखरू कसेबसे हात जोडायला गेला. तर त्या माणसानं त्याच्याआधीच हात जोडले. एवढा उपकार करून वर हात जोडतो, म्हणजे माणूस किती मोठ्या मनाचा, असं मुखरू पुढं प्रत्येकाला सांगत असे. त्या माणसाच्या मनगटावर जत्रेत गोंदतात तसं नाव गोंदलं होतं, डोमा. तेवढ्यात ढिवरांचे, म्हणजे मासे धरणाऱ्यांचे, दोन डोंगे आले. एकानं याला या काठाला नेलं, दुसऱ्यानं त्याला त्या काठाला. झालं, ताटातूट.

"ढिवरच असन तो. दुसरं कोण पोहते असं?" मुखरू म्हणायचा. सवड मिळेल तशी त्यानं नदीकाठची ढिवरांची गावं पालथी घातली. डोमा पुष्कळ भेटले. तो भेटला नाही. त्या हातानं ओढलं नसतं तर पोर बापाविना वाढली असती. म्हणून तिच्या लग्नात मामाचा मान त्याचाच, हे त्यानं बारशाच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

सारं कॉलेज ज्या साइटवर पडीक असे, तिथं स्वप्निलनं शोधून पाहिलं होतं. नावं इंग्रजीत, फोटो कुणाचा नटाचा तर कुणाचा वाघाचा. एका डोमानं तर मुखरूकडेच मोबाइलचा रिचार्ज मागितला. शेवटी स्वप्निल म्हणाला, नागपूरच्या पोरांनी एक नवी साइट काढली आहे, 'गणगोत' म्हणून. माणसं मूठभर, पण मराठीत लिहिता येतं आणि तालुक्यावार शोधता येतं. एकदा तिथं टाकून पाहू.

"टाक बापा. बुडत्याले काडीचा आधार," मुखरू म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला.

स्वप्निलनं मुखरूच्या नावानं खातं उघडलं आणि लिहिलं, अठ्ठ्याऐंशी साली वैनगंगेत डोंगा उलटला, त्यातले डोमाभाऊ कोणाला माहीत असतील तर कळवा.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. स्वप्निल चाट पडला, कारण त्या साइटवर गडचिरोली जिल्ह्यातले जेमतेम नऊ जण होते. लिहिणारी होती स्वाती, गडचिरोलीला डी.एड. करणारी. आठच दिवसांपूर्वी साइटवर आलेली, मित्रांची यादी अजून रिकामी. तिनं लिहिलं होतं, डोमा माझे बाबा. काकांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे काय?

मुखरूनं डावा हात पडद्यासमोर धरला, जणू तिकडून दिसणारच होता. मिलच्या पट्ट्यात ती करंगळी लग्नाआधीच गेली होती. त्याला रडू आवरेना. वाचवणाऱ्यानं वीस वर्षं आपली करंगळी ध्यानात ठेवावी, याचंच त्याला अप्रूप वाटत राहिलं.

लग्नाचं आवतण त्याच साइटवरून गेलं. मामाचं कामही कळवलं. स्वातीनं लिहिलं, बाबा ऐकून रडले. आम्ही सगळे येतो. बाकीचं बाबा समोरासमोर बोलतील. मुखरूनं स्वप्निलला पेढे आणून दिले आणि त्या कॉम्प्युटरलाही हळदीकुंकू लावलं. स्वप्निलनं लावू दिलं.

लग्नाच्या सकाळी मांडवासमोर जीप थांबली. करड्या केसांचा एक उंच माणूस उतरला. मागून त्याची बायको बुधरी आणि स्वाती. मनगटावर गोंदण तसंच होतं. मुखरू पाया पडायला वाकला, आणि डोमाही त्याच घडीला वाकला. दोघांची डोकी आपटली. मांडव हसला, हे दोघं मात्र रडत होते.

मुखरूनं ताट पुढं केलं. नवं धोतर, शेला, टोपी. डोमानं बुधरीच्या हातातली पिशवी घेतली आणि उघडली. आत धोतर, शेला, टोपी आणि जंगलातल्या मधाची बाटली होती.

"हे उलटं झालं, भाऊ," मुखरू म्हणाला. "मान तुमचा. तेवढ्या धारेत पोहून तुम्ही मले काढलं."

डोमानं मुखरूची ती अर्धी करंगळी आपल्या दोन्ही हातांत धरली होती.

"मी जंगलातला माणूस, भाऊ," तो म्हणाला. "मले कुठी पोहता येते? तुम्हीच तं ओढून काढलं मले."