दोरीच्या आतली जमीन

इकॉलॉजी विभागामागच्या ओसाड जमिनीवर तिने चार खुंट्या ठोकून, दोरी बांधून एक चौकोन आखला. माणसाने लुडबुड केली नाही, तर जमीन आपली आपण कशी सावरते, हा तिच्या पीएचडीचा विषय. विद्यापीठाच्या माळीकाकांना तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, दोरीच्या आत कुणी पाय टाकायचा नाही. गवताची काडीसुद्धा उपटायची नाही."

काका शब्दाचे पक्के. तीन वर्षं त्यांनी तिथे चिटपाखरू फिरकू दिलं नाही. कुलगुरूंच्या ड्रायव्हरलाही गाडी दुसरीकडे लावायला लावली. दर उन्हाळ्यात आजूबाजूची जमीन भेगाळायची, पण सुट्टीहून परत यावं तर चौकोन हिरवागार! एकोणतीस जातींची रोपं मोजली तिने. मार्गदर्शक सर तर हरखूनच गेले. प्रबंध जमा झाला, तोंडी परीक्षा उद्यावर आली.

आज तिने मुद्दाम बागेत जाऊन काकांना आभाराचं पान वाचून दाखवलं. "या जमिनीला ज्यांनी तीन वर्षं माणसाचा हात लागू दिला नाही, ते आमचे माळीकाका."

काका पार संकोचून गेले. "माझं कसलं कौतुक, ताई? तुम्ही सुट्टीत घरी गेलात की इकडे तुमची सगळी मेहनत करपायला लागायची. मला ते बघवायचं नाही.

"पण शप्पथ सांगतो, आत पाय नाही टाकला. रोज दोरीबाहेर उभा राहूनच पाईपने पाणी मारायचो."