रविवारची दुपार

टॉवेल कारखान्यातली शिफ्ट संपवून श्रीलता थेट रेकॉर्डिंगला आली. स्टुडिओ म्हणजे इरेशच्या घरातली मागची खोली. तिनं वहीत लिहिलेलं रॅप वाचून तो हसला.

“‘रविवारी दुपारी झोपायचंय, कुणी उठवायचं नाही.’ हे काय स्वप्न झालं, ताई? रॅपमध्ये मोठं काहीतरी मागायचं असतं. गाडी टाका, बंगला टाका.”

वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिनं गाडी टाकली, बंगलाही टाकला. तीनदा म्हणून पाहिलं, पण आवाजात जीवच येईना.

“मला नकोच आहे ते,” ती शेवटी म्हणाली. “जे हवंय तेच म्हणू द्या.”

“म्हणा. पण ऐकणार कोण?” त्यानं बटण दाबलं.

तिनं डोळे मिटले. भाकरी, डबे, कारखाना, सासूच्या गोळ्या, पुन्हा भाकरी, सगळं एका दमात म्हणत ती त्या एका दुपारपर्यंत पोचली.

ती थांबली तेव्हा इरेशची बायको चहा घेऊन दाराशी उभी होती. कप तसेच बाजूला ठेवून ती फरशीवर बसली.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “परत लावा.”