चौघांतली शेवटची

"आजपासून ही वाजवेल," ड्रमर ताई म्हणाली. हातातल्या काठ्या तिने शेजारी उभ्या असलेल्या बेकरीवालीला दिल्या आणि स्वतः स्टुलावरून उठली.

हॉल अजून रिकामा होता. कार्यक्रमाला जेमतेम तास उरला होता. बास गिटार वाजवणारा फ्रिज मेकॅनिक गुडघ्यांवर बसून वायर जोडत होता, तो तसाच राहिला.

ताईच्या उजव्या खांद्याने महिन्यापूर्वीच हात टेकले होते. डॉक्टरांनी ड्रम बंद म्हणून बजावलं, तेव्हापासून ती बेकरीवालीला गुपचूप तयार करत होती. कणकेचे गोळे मळून मळून त्या बाईची मनगटं लोखंडी झाली होती.

बत्तीस वर्षांपूर्वी चौघांनी हा पंक बँड काढला, त्यातली ताई एकटीच उरली होती. गायक पाच झाले. एकाला नोकरीने नेलं, एकाला संसाराने, एकजण भर गाण्यात भांडला आणि माइक आपटून गेला. गिटारवाल्यांची तर मोजदादच नाही. दर वेळी लोक म्हणायचे, आता आटोपलं यांचं. आणि दर वेळी ताई छापखान्यातली पाळी संपवून, शाईच्या बोटांनीच, नव्या माणसाला पहिल्या गाण्यापासून शिकवायला बसायची. मेकॅनिक तर तिच्या घरी फ्रिज दुरुस्त करायला आला होता. "ठोकतोस मात्र तालात," ती म्हणाली होती. "शनिवारी ये." त्याला अकरा वर्षं झाली.

"मूळचं कोणीच उरलं नाही ताई," आता तो कसाबसा म्हणाला. "मग बँड कसला?"

"का? तू काय पाहुणा आहेस?"

त्याने वायर जोडली.

"माझ्या चुका होतील हो," बेकरीवाली पुटपुटली.

"होऊ देत. थांबू मात्र नकोस."

हॉल भरला. पहिलं गाणं दणक्यात गेलं. दुसऱ्यात बेकरीवालीचा ताल सुटला, चेहरा पांढराफटक पडला, पण हात थांबले नाहीत. मेकॅनिक धावत तिच्याजवळ गेला, बासवर तिला ठोका दिला आणि दोघांनी मिळून गाणं पुन्हा रुळावर आणलं. मग त्याची नजर ताईला शोधू लागली. ती पडद्यामागे नव्हती.

ती खाली होती. पहिल्या रांगेत, ढकलाढकलीत, दुखरा हात छातीशी धरून. बत्तीस वर्षं ती सगळ्यांच्या मागे बसून वाजवत आली होती. स्वतःचा बँड तिने समोरून कधी ऐकलाच नव्हता.

गाणं संपताच ती कोपरं मारत स्टेजपाशी आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं.

"अरे, आपण इतकं बेसूर वाजवतो?" ती ओरडली. "खबरदार कुणी सुधाराल तर!"