राजांची जोडी

"आज चिंचोके नकोत," पत्ते पिसता पिसता जनी म्हणाली. "मी जिंकले तर तुम्ही माझ्याकडे लोधिवलीला राहायला यायचं. कायमचं."

"आन् मी जितलो तर?" आबांनी विचारलं.

"तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

"मास्तरीणबाई, बापालाच डावावर लावतीस व्हय गं?" आबा हसले. "वाट."

भिसेगावातल्या घराच्या ओटीवर दर रविवारी दुपारी बापलेकींचं तीन पानी चाले. कॅट जुना, कडा झिजून गेलेल्या. हिरामणआबा आपली पानं कधी उघडत नसत. पालथीच हातात धरून कडेवरून अंगठा फिरवत बसत आणि चिंचोके पुढे सरकवत. न बघता खेळतो, छातीचा माणूस, असं आळीत म्हणत.

खरं म्हणजे वर्षभर आबांना दिसतच नव्हतं. त्यांनी ते लेकीला सांगितलं नव्हतं. तिने ओळखलं होतं, पण कळू दिलं नव्हतं. डाव उघडायची वेळ आली की तीच दोघांची पानं वाचून सांगे. त्यांची हलकी पानं भारी करून सांगे. आबा जिंकत आणि संध्याकाळपर्यंत खुशीत असत.

जनीने आपली पानं पाहिली. दोन राण्या आणि एक अठ्ठी. आबांनी एकेका पानावरून सावकाश अंगठा फिरवला आणि पानं खाली ठेवली.

"उघड."

दुर्री, पंजी, नव्वी. तिन्ही वेगळ्या रंगांची. याहून पडका हात क्वचितच येतो.

आबांचा दुसरा हात ओटीच्या खांबावर होता. तो खांब त्यांनीच तासून उभा केला होता.

"राजांची जोडी," जनी म्हणाली.

"राजांची?"

"हो. माझ्याकडे काहीच नाही."

आबांनी खांबावरचा हात काढला. मग तिची पानं त्यांनीच उचलली, एकेक करून अंगठ्याखालून नेली आणि कॅटमध्ये सरकवली.

"बरं," ते म्हणाले. "येत्या रविवारी सुकी मासळी आन गं. सुकटच. वाकट्या नको."

बुधवारी परसदारच्या पायरीवर त्यांचा पाय चुकला. निरोप शाळेत आला तेव्हा जनी फळ्यावर तारीख लिहीत होती. तिने ती पुरी केली, हातांचा खडू झटकला आणि मग निघाली.

तेरावं झाल्यावर ती घर आवरायला बसली. धोतरं, ट्रान्झिस्टर, शेवटपर्यंत डोळ्यांवर असलेला चष्मा. एकेक वस्तू उचलत होती, ठेवत होती. तिच्या आत काही हलत नव्हतं. शेजारचा धाकलू ओटीवर आला.

"जने, पत्त्यांचा कॅट मला देशील? दुसऱ्या कोनाच्या कामाचा नाय तो."

"का रं?"

"खाचा हायेत ना कडेला. डोळे जायला लागले तवा आबांनीच माझ्याकडनं ब्लेडनं पाडून घेतल्या. एक्क्याला एक, राजाला दोन, राणीला तीन. हलकी पानं साफ. बोटाला कळायचं त्यांना सगळं. तुला बोलले नाय?"

जनीने कॅट पसरला. दुर्री शोधून काढली. कड साफ होती. पंजी साफ. नव्वी साफ. मग राणी काढली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्या रविवारी तिच्या दोन्ही राण्या आबांनी अशाच अंगठ्याखालून नेल्या होत्या.

धाकलू समोर उभाच होता. खांबाकडे बघत जनी मोठ्याने म्हणाली,

"आबा, डाव माझा होता. चला लोधिवलीला."