नव्वदच्या वर

"सहाही प्रेस चालू आहेत, मोजून घ्या," शेडच्या दारात मॅनेजर धनेशसाहेब मोठ्याने म्हणाले आणि भिवाचं टाळकं सणकलं. मागच्या वर्षी याच माणसाने आवाजाच्या मोजणीच्या दिवशी चार प्रेस बंद ठेवल्या होत्या.

भोसरीच्या या शेडमध्ये भिवाने बावीस वर्षं प्रेसवर पत्रा ठोकला. गुडघा गेला तेव्हा त्याला गेटवर बसवलं, त्यालाही तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याची लेक दीक्षा चार नंबरच्या प्रेसवर लागली आणि आता जेवताना पोरगी तोंडातल्या तोंडात बोलते. या लोकांनी तिचा जीवच काढलाय, असं तो बायकोला रोज ऐकवायचा.

आवाज नव्वद डेसिबलच्या वर भरला, तर कंपनीला प्रत्येक प्रेसभोवती आवाज अडवणारी केबिन बांधावी लागणार होती. मोजणीच्या कागदावर कामगारांतर्फे सही लागायची. ते काम भिवाने भांडून आपल्याकडे घेतलं होतं.

मोजणीला आलेली पूनम मीटर धरून चार नंबरपाशी उभी राहिली. भिवा तिच्या शेजारी.

प्रेस खरंच सगळ्या चालू होत्या. पण हा काय आवाज? त्याच्या वेळी डोकं भणाणून जायचं. आज कुणीतरी पलीकडच्या गल्लीत मसाला कुटत असावं, इतकंच. पातळ पत्रा लावला असणार, नाहीतर खाली रबर घातलं असणार.

ऑफिसात पूनमने कागद पुढे केला आणि काहीतरी पुटपुटली.

"तू गप बस गं. यांनीच आणलीय तुला," भिवा कडाडला. "साहेब, आवाज दाबलाय तुमी. बावीस वर्सं काढलीत मी हितं, येडा न्हाई मी."

धनेशसाहेबांनी पूनमकडे पाहिलं, मग भिवाकडे. पेन त्याच्यापुढे सरकवत ते सावकाश, मोठ्याने म्हणाले, "मग तसं लिहून द्या, भिवाभाऊ. आमची हरकत नाही."

पूनमचे ओठ पुन्हा हलले. भिवाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने कागद फाटेल इतक्या जोराने लिहिलं: 'आजची मोजणी खोटी. कामगारांना मान्य नाही. रद्द करावी.' खाली सही ठोकली.

साहेबांनी लगेच शिक्का मारला आणि कागद खणात टाकून किल्ली फिरवली. "आता पुढच्या वर्षीच," ते म्हणाले.

पूनमने मीटर भिवाच्या डोळ्यांपुढे धरला आणि तिसऱ्यांदा सांगितलं, या वेळी ओरडून, "काका, एकशे सहा."