पिवळे अंगडे

चंद्रकलाबाईंनी फाटकातूनच पाहिले. जनाबाईंच्या मांडीवर पिवळी लोकर होती आणि सुयांवर वीतभर रुंदीची वीण चढली होती. एवढ्याशा मापाचे मोठ्या माणसाच्या अंगात काही जात नाही.

जनाबाईंनी घाईने तिच्यावर पदर ओढला, पण उशीर झाला होता.

"अंगडं ना गो?" ओटीच्या पायरीवर बसत चंद्रकलाबाईंनी विचारले.

"अंगडंच. पण कुणाला बोलू नको."

"मी कुणाला बोलणार? नम्रताला कितवा?"

"आत्तापासून कुणाचं नाव काढू नये," जनाबाई हसून म्हणाल्या. "चहा घेणार?"

नम्रता ही जनाबाईंची सून. ती आत भाकऱ्या थापत होती. चंद्रकलाबाईंनी दारातून तिच्याकडे एकदा नीट पाहिले. साडीच्या निऱ्यांवरून काहीच कळत नव्हते.

दोघींनी शहापूरच्या एकाच शाळेत आयुष्य काढले होते आणि एकाच उन्हाळ्यात दोघी निवृत्त झाल्या होत्या. जनाबाईंच्या हातात पहिली सुई चंद्रकलाबाईंनीच दिली होती. "हात रिकामे राहिले की जीव खातात," असे म्हणून त्यांनी तिला सुलट टाका शिकवला, मग उलट. आता आटगावपासूनच्या बायका नमुना विचारायला येत, त्या जनाबाईंकडे. मागल्या अंगणातला मोगराही तिचाच फुलत असे. त्याच झाडाची फांदी चंद्रकलाबाईंनी आपल्या दारी आणून लावली होती. तिला पाने येत राहिली, कळी मात्र धरली नाही. काही झाडे अशी असतात, असे त्या स्वतःला समजावीत. पण संध्याकाळी वाऱ्यावर पलीकडचा वास आला की खिडकी लावून घेत.

मोगऱ्याचे त्या एक वेळ सोसत्या. हे सोसवत नव्हते.

त्यांचा मुलगा साईनाथ मुरबाडला नोकरीला होता. त्याच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती. त्याच्या बायकोला, दिपिकाला, दोनदा दिवस गेले, दोनदा तिसऱ्याच महिन्यात सारे संपले. पहिल्या वेळी चंद्रकलाबाईंनी आळीभर सांगून ठेवले होते. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढीत नसे. हल्ली तर दोघे रविवारीही येत नव्हते. साईनाथ फोनवर कामाचे कारण सांगे.

जनाबाईंनी पदर सारून पुन्हा विणायला घेतले. चंद्रकलाबाईंनी वीण निरखली. "तिसऱ्या ओळीत टाका चुकलाय तुझा."

"राहू दे. बाळाचं उसवत नाय. तूच शिकवलंस की."

शिकवले होते खरे. पोटातल्या बाळासाठी घातलेले टाके उसवू नयेत, उसवले तर धागा धरत नाही, आणि बाळही नाही, असे त्यांची आई सांगे. आणखीही एक रीत होती. बाळ जन्माला येण्याआधी त्याच्या घरच्यांनी त्याच्यासाठी सुई धरायची नाही. आणि ही बाई स्वतःच्या ओटीवर बसून उघड विणत होती. सुख फार झाले की माणसाला रीतीचे भय उरत नाही, असे चंद्रकलाबाईंना वाटले.

"बघू, गळा कसा घेतलास," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

जनाबाईंनी विणकाम झटक्यात मागे घेतले. "नको. तू नको हात लावू."

चंद्रकलाबाईंनी हात मागे घेतला.

"का गो?"

"उगाच. झाल्यावर बघ." जनाबाईंनी नजर चुकवली. "चहात साखर कमीच ना?"

चंद्रकलाबाई चहा प्यायल्या. घरी येताना त्यांना आपला हात परक्याचा वाटत होता. दोनदा रिकामी झालेली ओंजळ. अशा हाताचा विटाळ कुणाला नको असणारच. जनीने तोंडाने म्हटले नाही, इतकेच.

आठवडाभर त्या गेल्या नाहीत. मग एका दुपारी गेल्या.

ओटीवर कुणी नव्हते. अंगडे खुर्चीत होते, बाह्यांसकट जवळजवळ पुरे. मागल्या अंगणातून खुरप्याचा आवाज येत होता.

"कोण, चंद्रे? बस जरा," जनाबाई तिकडूनच म्हणाल्या. "तुझ्यासाठी मोगऱ्याचं मुळासकट रोप काढतेय. फांदी नाय लागली ना तुझी. हे धरेल बघ."

"काढ सावकाश," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

त्यांनी सुई ओढली. टाके उघड्या डोळ्यांसारखे क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी धागा धरला आणि ओढत गेल्या. गळा गेला, छाती गेली, चुकलेला टाकाही गेला. लोकर इतक्या सहज सुटत होती की जणू ती कधी विणलीच गेली नव्हती. शेवटी खुर्चीत नुसता कुरळा पिवळा ढीग उरला.

रोप न घेताच त्या निघाल्या. रस्ताभर त्यांना विलक्षण हलके वाटले. इतके, की त्याचीच किंचित भीती वाटली.

घराच्या पायरीवर साईनाथ आणि दिपिका बसले होते. दिपिका उठली, कमरेला हात लावून, सावकाश. चंद्रकलाबाईंची पावले थबकली.

"पाचवा सरला, आई," साईनाथ म्हणाला. "डॉक्टर बोलले, आता भीती नाय. मागच्यासारखं नको म्हणून आमी घरी कुणाला बोललो नव्हतो."

त्यांनी सुनेला छातीशी धरले. किती वेळ, ते तिघांनाही कळले नाही. मग डोळे पुसत त्या घाईघाईने बोलू लागल्या. "डिंक आणायला हवा. तूप आहे घरात. थंडीत येईल बाळ, लोकरीचं तर लागेलच. पण आपल्याला नाय गो विणता यायचं, आपल्यात हात लावत नाय आधी. बाहेरच्या कुणाला तरी सांगावं लागेल."

"ते ठाऊक आहे मला," दिपिका लाजून म्हणाली. "म्हणूनच जनाकाकूंकडे पिवळी लोकर धाडली होती."