पोचल्याची खूण

उपग्रहाच्या चित्रात मेळघाटावर ढगफुटीची चिन्हं दिसली, तशी नियंत्रण कक्षातल्या प्राजक्ताने डोंगराखालच्या नदीकाठच्या गावांतल्या प्रत्येक मोबाईलवर इशारा धाडला: "अर्ध्या तासात पूर येतोय, नदीपासून दूर व्हा." त्यात तिचं माहेरही होतं. सगळीकडे पोचल्याची खूण उमटली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. पुढचा पाऊण तास इतर गावांचे फोन घेण्यात गेला. मग तिने वडिलांना फोन लावला. आईने उचलला.

"आई, बाबा कुठी हायेत?"

"आज पोळा नाही का वं? सारे गडी बैल धुवाले नदीवर गेले. इकडं तं चांगलं ऊन पडलं. मोबाईल भिजतीन म्हणून साऱ्यायनं घरीच ठेवले. मंघाशी घरोघरी संगंच वाजले, पण आमी साऱ्या बाया पुरणाच्या गडबडीत, कोनं पाह्यलं नाही. काहून?"